लॉक, मॉन्टेस्क्यू आणि अमेरिकेची घटना: 'जोड्या जुळवा' छाप उत्तराच्या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या मुलांची सरावाची उत्तरं तपासायला लागून मला बरीच वर्षं झाली. 'अमेरिकन शासनव्यवस्थेच्या पायाभूत कल्पनांवर ज्ञानोदयाच्या तत्त्वज्ञानाचा प्रभाव स्पष्ट करा' असा प्रश्न टाकला की बहुतेक वह्या एकाच साच्यातून निघाल्यासारख्या येतात. लॉककडून नैसर्गिक हक्क, मॉन्टेस्क्यूकडून सत्ताविभाजन, रूसोकडून जनतेचं सार्वभौमत्व, आणि शेवटी ठरलेलं 'अशा प्रकारे'. शाळेतलं 'जोड्या जुळवा' आठवतं. अ गटात तत्त्वज्ञ, ब गटात कल्पना, मधे पट्टीने रेघ.

असं उत्तर धड चूकही नसतं, म्हणून मुलं हटून बसतात. 'सर, यात चुकलं काय?' चुकलं हे की घटना घडवणारी माणसं कुणा तत्त्वज्ञाची शिष्यमंडळी नव्हती. वकील, मळेवाले, व्यापारी अशी ही माणसं. पुस्तकातलं हवं तेवढं घ्यायची, अडचणीचं बाजूला ठेवायची, कधी लेखकाचंच म्हणणं त्याच्यावर उलटवायची. ही ओढाताण उत्तरात आली की उत्तर उभं राहतं.

'प्रबोधन' लिहिलंत की घोळ सुरू

हा खास आपल्या मराठीतला घोळ. आपल्या शाळेच्या पुस्तकांत 'प्रबोधन' म्हणजे रेनेसाँ: लिओनार्दो, मायकेलअँजेलो, इटलीतली शहरं. पुढे वैचारिक लेखनात तोच शब्द अठराव्या शतकातल्या विचारवंतांसाठीही येतो. मग एखादा विद्यार्थी घटना ठरवणाऱ्या फिलाडेल्फियाच्या सभेवर लिओनार्दोचा प्रभाव दाखवून मोकळा होतो. (हे मी खरंच वाचलंय.) इथे आपल्याला हवाय तो 'एनलाइटनमेंट'चा, म्हणजे साधारण सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंतचा काळ. 'ज्ञानोदय' लिहा, आणि पहिल्याच वाक्यात शतक टाका.

१७७६ आणि १७८७ एकाच पोत्यात

'जेफरसनने लिहिलेल्या राज्यघटनेत' अशी सुरुवात दिसली की माझा लाल पेन आपोआप उघडतो. ४ जुलै १७७६ ला मंजूर झाला तो स्वातंत्र्याचा जाहीरनामा. त्याचा मसुदा जेफरसनचा. राज्यघटना ठरली १७८७ च्या उन्हाळ्यात, फिलाडेल्फियात, मे ते सप्टेंबर. ५५ प्रतिनिधी आले, ३९ जणांनी सह्या केल्या. त्या वेळी जेफरसन राजदूत म्हणून पॅरिसला होता आणि जॉन ॲडम्स लंडनला. हक्कांच्या पहिल्या दहा दुरुस्त्या लागू झाल्या त्या आणखी पुढे, डिसेंबर १७९१ मध्ये.

तारखांचा हा आग्रह पाठांतरासाठी नाही. जाहीरनामा राजाची सत्ता झुगारण्यासाठी लिहिला, घटना नवी सत्ता उभारण्यासाठी. झुगारताना लॉक कामाला येतो, उभारताना मॉन्टेस्क्यू. दोन्ही कागद एकत्र कालवले की कोण कुठे कामाला आला तेच कळेनासं होतं.

'मालमत्ता खोडून सुख घातलं'

गाईडांमधली लाडकी ओळ: लॉकने 'जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता' म्हटलं, जेफरसनने मालमत्ता खोडून 'सुखाचा शोध' लिहिलं. खोडून? जेफरसनचा कच्चा मसुदा उपलब्ध आहे. त्यात त्या जागी मालमत्ता आधी लिहून मग खोडलेली नाही. सुखाचाच शोध आहे. त्याच्या काहीच आठवडे आधी, जून १७७६ मध्ये, व्हर्जिनियाने हक्कांची सनद मंजूर केली होती. जॉर्ज मेसनच्या त्या मसुद्यात जीवित आणि स्वातंत्र्य आहेच, शिवाय मालमत्ता मिळवण्याची साधनं आहेत आणि सुखही आहे. म्हणजे दोन्ही गोष्टी एका दमात. खुद्द लॉकनेही मानवी आकलनावरच्या आपल्या ग्रंथात सुखाच्या शोधाबद्दल लिहिलं आहे. आणि मालमत्ता अमेरिकेतून गेली म्हणाल तर तीही परत आली: १७९१ च्या पाचव्या दुरुस्तीत 'जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता' हे तिन्ही शब्द शेजारी शेजारी बसलेत.

मग लॉकचा प्रभाव दाखवायचा कुठे? दोन वाक्यं समोरासमोर ठेवा. शासनावरच्या दुसऱ्या प्रबंधात लॉक म्हणतो की राज्यकर्त्यांच्या मोठमोठ्या चुकासुद्धा लोक सोसून घेतात, कुरकुरही करत नाहीत. पण गैरवर्तनाची लांबलचक मालिका एकाच दिशेने जाताना दिसली, की त्यांनी उठावं यात नवल नाही. आता जाहीरनामा वाचा. दुःख सोसण्याजोगं असेतोवर माणसं सोसत राहतात. पण गैरवर्तनाची आणि बळकावण्याची लांबलचक मालिका एकाच हेतूने चाललेली दिसली, तर अशी सत्ता झुगारणं हा त्यांचा हक्क आहे, कर्तव्य आहे. क्रम तोच. 'लांबलचक मालिका' हे शब्दसुद्धा मूळ इंग्रजीत तेच.

त्यापुढे जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींची जी भली मोठी यादी येते, ती मुलं 'तपशील' म्हणून सोडून देतात. पण ती यादी म्हणजेच लॉकची ती मालिका! एक-दोन तक्रारींवर बंड समर्थनीय ठरत नाही, मालिका सिद्ध करावी लागते. म्हणून एवढ्या तक्रारी मोजल्यात. हा एक परिच्छेद नीट लिहिलात तर बाकी लॉक दोन ओळींत आटोपला तरी चालेल.

रूसो

त्याला फार जागा देऊ नका. त्याचा सामाजिक कराराचा ग्रंथ १७६२ चा, त्यामुळे तारखेने तो बसतो. पण रूसोच्या मते सार्वभौम सत्ता प्रतिनिधीच्या हाती देताच येत नाही, आणि इंग्रज लोक फक्त निवडणुकीपुरते स्वतंत्र असतात. अमेरिकेने तर सगळा डोलारा प्रतिनिधींवरच उभा केला. डोनाल्ड लुट्झ या अभ्यासकाने त्या काळच्या अमेरिकन राजकीय लिखाणातले संदर्भ मोजून १९८४ साली निष्कर्ष मांडले. त्यात विचारवंतांपैकी वर तिघे: मॉन्टेस्क्यू, इंग्रज कायदेपंडित ब्लॅकस्टोन आणि लॉक. रूसो पार खाली. रूसोचं घर फ्रान्सच्या राज्यक्रांतीत, आणि ती १७८९ ची. अमेरिकेच्या क्रांतीला तिने प्रेरणा दिली असं लिहिणारेही भेटतात. त्यांना कॅलेंडर दाखवावं.

मॉन्टेस्क्यू म्हणजे तीन बंद खोल्या

'कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ यांना पूर्णपणे वेगळे केले.' या वाक्यातला 'पूर्णपणे' काढून टाका. अमेरिकन राष्ट्राध्यक्ष कायद्याला नकार देऊ शकतो. काँग्रेसची दोन्ही सभागृहं दोन-तृतीयांश मतांनी तो नकार मोडू शकतात. न्यायाधीशाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो, संमती सिनेटची लागते. राष्ट्राध्यक्षावरच महाभियोग चालला तर खटला ऐकते सिनेट आणि अध्यक्षस्थानी बसतो सरन्यायाधीश. या खोल्यांना दारं आहेत, आणि ती मुद्दाम ठेवलेली आहेत.

गंमत अशी की हाच आक्षेप त्या काळी घटनेच्या विरोधकांनी घेतला होता: तुम्ही मॉन्टेस्क्यूचं नाव घेता आणि सत्ता एकमेकांत मिसळता! घटनाकारांपैकी जेम्स मॅडिसनचं उत्तर १७८८ च्या सुरुवातीला आलं, घटनेच्या बाजूने लिहिलेल्या 'फेडरलिस्ट' लेखमालेच्या ४७ व्या लेखात. या विषयावर सगळे ज्याचा कौल लावतात तो मॉन्टेस्क्यूच, हे तो आधी कबूल करतो. मग विचारतो, त्याने नमुना म्हणून डोळ्यांपुढे ठेवली ती इंग्लंडची व्यवस्था, आणि तिथे तरी तिन्ही अंगं कुठे वेगळी आहेत? म्हणून त्याचा अर्थ इतकाच घ्यायचा, की एका अंगाची सगळीच सत्ता दुसऱ्या अंगाच्या हाती जाऊ नये. थोडा हात एकमेकांत असायला हरकत नाही. वकिलाने साक्षीदार आपल्या बाजूला वळवावा तसा हा युक्तिवाद आहे, आणि मला तो त्या लेखमालेतला सर्वांत चतुर वाटतो.

उलट बाजूही आहे. मॉन्टेस्क्यूचं ठाम मत होतं की प्रजासत्ताक लहान प्रदेशातच टिकतं. तेरा राज्यांचा पसारा एका सरकारखाली आणायला निघालेल्यांच्या हे मुळावर येणारं होतं, आणि विरोधक तेच त्यांच्या तोंडावर फेकत होते. इथे मॅडिसन मॉन्टेस्क्यूला सोडतो. नोव्हेंबर १७८७ च्या दहाव्या लेखात तो म्हणतो, देश मोठा असेल तर गट आणि हितसंबंध इतके होतील की एकाच गटाला बहुमत जमवून इतरांना चिरडणं अवघड जाईल. स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने १७५२ मध्ये मोठ्या देशातल्या प्रजासत्ताकाच्या बाजूने लिहिलं होतं. मॅडिसनचा धागा तिथून आला असं अनेक अभ्यासक मानतात. मॉन्टेस्क्यूवर दोन परिच्छेद लिहायचे तर एक त्याचं काय घेतलं यावर, दुसरा काय नाकारलं यावर. दुसरा परिच्छेद मी आजवर मोजक्याच वह्यांत पाहिलाय.

सगळं पुस्तकांतूनच आलं असं समजणं

आठवी दुरुस्ती घ्या: अवाजवी जामीन मागू नये, अवाजवी दंड करू नये, क्रूर आणि विचित्र शिक्षा देऊ नये. हे वाचून विद्यार्थी लगेच बेकारिया लिहितो, म्हणजे क्रूर शिक्षांविरुद्ध लिहिणारा इटालियन विचारवंत. पण ही शब्दरचना जवळजवळ जशीच्या तशी इंग्लंडच्या १६८९ च्या हक्कांच्या कायद्यातली आहे. वसाहतीतल्या वकिलांना इंग्रजी कायदा तोंडपाठ होता, वसाहतींच्या सनदा आणि विधानसभा त्यांनी वापरलेल्या होत्या. फिलाडेल्फियाच्या सभेतच जॉन डिकिन्सन म्हणाला होता की अनुभव हाच आपला वाटाड्या असला पाहिजे, तर्क दिशाभूल करू शकतो. ज्ञानोदयावरच्या उत्तरात हे वाक्य पेरलंत तर तपासणारा सावरून बसतो.

गुलामगिरी शेवटच्या ओळीत ढकलणं

'तथापि गुलामगिरी ही या विचारांची मर्यादा होती.' एवढ्यावर भागवू नका. स्वातंत्र्याचा गुरू मानला गेलेला लॉक गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत भागधारक होता. जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा दोष राजावर ठेवणारा मोठा परिच्छेद होता; काँग्रेसने तो काढला, आणि साउथ कॅरोलायना व जॉर्जियाला सांभाळून घेण्यासाठी काढला असं जेफरसननेच नोंदवलं. लिहिणाऱ्याने स्वतः आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. १७८७ च्या घटनेत 'गुलाम' हा शब्द एकदाही येत नाही, पण प्रतिनिधींची संख्या ठरवताना 'इतर व्यक्तीं'चे तीन-पंचमांश धरायचे हे कलम आहे, आणि माणसं आणण्यावर १८०८ पर्यंत काँग्रेसने बंदी घालायची नाही हेही. 'गुलामगिरी' हा शब्द घटनेत प्रथम आला तो १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत, प्रथा संपवताना.

आपल्याकडचा दुवा जोडायचा मोह इथे सगळ्यांना होतो, आणि जोडावाही. फक्त तो नेमका असू द्या. अमेरिकन क्रांतीच्या बाजूने लिहिणारा टॉमस पेन जोतीराव फुल्यांनी वाचला होता, पण त्यांच्या संदर्भात नाव येतं ते पेनच्या 'राइट्स ऑफ मॅन'चं. ते १७९१ चं आणि फ्रान्सच्या क्रांतीच्या बचावाचं. पेनचं १७७६ चं, अमेरिकेच्या स्वातंत्र्याबद्दलचं 'कॉमन सेन्स' वेगळं. १८७३ च्या 'गुलामगिरी'चं अर्पण अमेरिकेतल्या लोकांना आहे, तेव्हा 'फुल्यांनी अमेरिकेच्या घटनाकारांना अर्पण केले' असं लिहू नका. ते आहे निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना सोडवावं या आशेने. तेरावी दुरुस्ती होऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती.