स्लॅबआधी घरात फेरी: घरमालकाला व्हीआर हेडसेटमधून घर कसं दाखवायचं

नकाशावर १० बाय १२ ची खोली कुणालाच लहान वाटत नाही. भिंती उभ्या राहिल्या की कुरकुर सुरू होते. ती आधीच ऐकून घ्यायची असेल, तर स्केचअप किंवा ट्विनमोशन या सॉफ्टवेअरमधलं घराचं थ्रीडी मॉडेल व्हीआर हेडसेटमध्ये, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या स्क्रीनमध्ये दाखवा. मात्र ते मापाला पक्कं हवं, नाहीतर नुसतीच करमणूक.

भिंती प्लास्टरसकट काढा. आतलं प्लास्टर साधारण १२ मिलिमीटरचं. समोरासमोरच्या भिंतींचं मिळून इंचभर खोली घटते आणि कपाट नेमकं तिथंच अडतं. फाइल बदलताना सेंटिमीटर-मीटरचा घोळ झाला, तर घर शंभरपट मोठं किंवा खेळण्याएवढं दिसतं. म्हणून आत शिरल्यावर आधी ७ फुटी दार बघा. हेडसेटची जमिनीची पातळीही पुन्हा घ्या: ती चार इंच खाली धरली गेली, तर ओटा बुटका वाटतो आणि विनाकारण उंच करायला सांगितलं जातं.

घर सांगलीत असेल, तर उन्हासाठी मॉडेलमध्ये ठिकाण सांगलीच टाका. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत इथला भर दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. दुसरंच शहर राहिलं तर छज्ज्याची सावली साफ खोटी.

कृष्णाकाठच्या प्लॉटला खरा उपयोग पुरासाठी. शेजारच्या भिंतीवरची २०१९ च्या पाण्याची खूण लेव्हल पाइपनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) प्लॉटवर आणा, जोत्यापासून उंची मोजा आणि मॉडेलमध्ये तेवढ्यावर निळा पारदर्शक थर टाका. मीटर, पंपाचा स्टार्टर, इन्व्हर्टर, देवघर यांतलं काय बुडतं ते मालकाला उभ्याउभ्या दिसतं. खाली पार्किंग सोडायचं की खोली काढायची, हा वाद मग फार लांबत नाही. परवानगीसाठी मात्र जलसंपदा विभागाच्या पूररेषाच बघाव्या लागतात.

दाखवायला २ बाय २ मीटर मोकळी जागा पुरे. मोठा आरसा झाका, त्यानं ट्रॅकिंग, म्हणजे हेडसेट कुठे आहे हे ओळखणं, भरकटतं. लेन्समधलं अंतर प्रत्येकाच्या डोळ्यांना जुळवा. मॉडेल चालवणारा कॉम्प्युटर राउटरला केबलनं आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्‌झ वायफायला जोडा, म्हणजे चित्र अडखळत नाही. आत सरकत चालवू नका, टेलिपोर्ट, म्हणजे एका जागेवरून थेट दुसरीकडे उडी, वापरा. सरकताना डोळ्यांना चाल दिसते, आतल्या कानाला जाणवत नाही, म्हणून मळमळतं. पहिल्यांदा दहा मिनिटं बास. आजी-आजोबांना फिरत्या खुर्चीत बसवा, पण ओट्याची उंची ठरवायची ती उभ्यानंच.

साइटवर नेलात तर लेन्सवर ऊन पडू देऊ नका. भिंगातून एकवटलेलं ऊन काही क्षणांत स्क्रीन जाळतं, आणि तो डाग परत जात नाही.