शिष्यवृत्तीचा अर्ज अडतो कुठे? अकरावी-बारावीच्या मुलांसाठी

महाराष्ट्रात बारावीनंतरच्या शिष्यवृत्तीचा अर्ज गुणांपेक्षा दाखल्यांमुळे आणि बँक खात्यामुळे जास्त अडतो. फॉर्म तासाभरात भरून होतो, कागद जमवण्यात मात्र महिने जातात. म्हणून अकरावीतच कामाला लागा.

सगळ्यात वेळखाऊ कागद जात पडताळणीचा, म्हणजे 'व्हॅलिडिटी'चा. राखीव प्रवर्गातून इंजिनिअरिंग, फार्मसी अशा अभ्यासक्रमाला जायचं असेल तर कॉलेजमार्फत जिल्हा समितीकडे आत्ताच अर्ज टाका. पुरावा जुना हवा: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आजोबा-पणजोबा ज्या शाळेत गेले तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा उत्तम. ते शाळेतच गेले नसतील तर तहसील कचेरीत गाव नमुना १४ मधली जन्म-मृत्यूची नोंद शोधा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर ती वंशावळीसोबत जोडा. निम्मं काम तिथेच होतं.

उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार' पोर्टलवरून मिळतो. तो १ एप्रिलनंतरच काढा. एक वर्षाचा दाखला फेब्रुवारीत घाईने काढला तर ३१ मार्चला त्याची मुदत संपते आणि प्रवेशाच्या वेळी पुन्हा रांग.

आता बँक. 'खात्याला आधार जोडलंय' एवढ्यावर थांबू नका. शिष्यवृत्तीचे पैसे आधार क्रमांकावर येतात आणि एनपीसीआयकडे (बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणारी संस्था) ज्या बँकेची नोंद सगळ्यात शेवटी झाली तिथे जमा होतात. मध्येच मोबाइलवरून दुसरं खातं उघडलं असेल तर रक्कम तिकडे जाऊ शकते आणि मुलं जुन्या पासबुकात ती शोधत बसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. खातं अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलाच्या नावाचं असेल तर त्यात जमा रकमेवर काही मर्यादा आहे का, हेही शाखेत विचारून घ्या. आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं असेल तर तेही आधी जुळवा.

अर्ज कुठे करायचा? राज्याच्या योजना सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आहेत. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू शिष्यवृत्ती आहे, तिला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. अनुसूचित जातींच्या भारत सरकार शिष्यवृत्तीला ती अडीच लाख आहे. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की ही सवलत गेली.

केंद्राच्या योजना नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. तिथे आधी आधारवरून १४ अंकी ओटीआर (एकदाच करायच्या नोंदणीचा) क्रमांक काढावा लागतो. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,००० रुपये देणारी पीएम-यूएसपी योजना बघाच. तिची अट '८० पर्सेंटाइल' आहे. ८० टक्के समजून कितीतरी मुलं अर्जच करत नाहीत. खरा अर्थ इतकाच, की बोर्डात तुमच्या शाखेतल्या वरच्या २० टक्क्यांत तुम्ही असलं पाहिजे. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत चालतं. तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती' आहे, वर्षाला ५०,००० रुपयांची. एका घरातून दोघींनाच मिळते.

फॉर्म सायबर कॅफेत भरलात तरी मोबाइल नंबर स्वतःचाच द्या. दुकानदाराचा दिला की पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्या फोनवर जाणार.

'सबमिट' झालं म्हणजे सुटलो असं नाही. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथल्या शिष्यवृत्ती विभागाने पडताळणी केली नाही तर तो तिथेच पडून राहतो. प्रिंट आणि कागद त्यांच्याकडे नेऊन द्या, आठवड्यातून एकदा स्टेटस बघा. 'सेंड बॅक' दिसलं तर शेरा वाचून मुदतीच्या आत दुरुस्ती करा. बहुतेक वेळा कारण साधं असतं: धूसर स्कॅन किंवा चुकीच्या रकान्यात टाकलेला कागद.

पुढच्या वर्षी नूतनीकरण वेगळं करावं लागतं. पीएम-यूएसपीसाठी त्याला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते.