स्विच फेजवरच हवा

स्विच बंद असतानाही होल्डरला टेस्टर लावल्यावर टेस्टर पेटतो? मग बहुधा स्विचमध्ये फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रल (परतीची तार) जोडली आहे. दिवा नीट चालू-बंद होत असल्याने ही चूक वर्षानुवर्षं लपते. बल्ब बदलताना मात्र झटका बसतो. इंडिकेटरवाला स्विच नसूनही बंद एलईडी मिणमिणत असेल, तर आधी हाच संशय घ्या.

बोर्ड उघडण्याआधी एमसीबी (वीज तोडणारा सुरक्षा-स्विच) पाडा. टेस्टर चालू पॉइंटवर तपासून घ्या, वायरच्या रंगावर तर मुळीच विसंबू नका. तांब्याच्या बारीक तारांना पीळ देऊन त्या टर्मिनलमध्ये घाला, वायरचं प्लॅस्टिकचं आवरण स्क्रूखाली येऊ देऊ नका. स्क्रू आवळल्यावर वायर हलकेच ओढून बघा. स्विच तापतो, चरचरतो तो बहुतेकदा सैल स्क्रूमुळेच. अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून वापरणं? अजिबात नाही. वायर ओळखता येत नसेल, तर वायरमनला बोलवा.