एस्टिमेटिंग सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की काय वाचायचं, काय तपासायचं

सॉफ्टवेअर कंपनीचं बातमीपत्र उघडलं की वरच्या अर्ध्या भागात नवा डॅशबोर्ड, डार्क मोड आणि कुठल्यातरी खूश ग्राहकाचा हसरा फोटो असतो. आपल्या पोटापाण्याशी संबंध असलेली ओळ तळाशी असते, 'इतर सुधारणा' या मथळ्याखाली, बारीक अक्षरात. मी एस्टिमेटर आहे, म्हणजे बांधकामाची परिमाणं आणि खर्चाचा अंदाज काढणारी. आमच्या टीममध्ये अपडेट कधी घ्यायचं, हे ठरवायचं काम माझ्याकडे आहे. म्हणून मी ही बातमीपत्रं खालून वर वाचते. वाचताना एकच प्रश्न डोक्यात असतो: या ओळीमुळे माझी बेरीज बदलेल का? बदलणार असेल तर ती बातमी, नसेल तर जाहिरात.

बेरीज बदलणाऱ्या ओळी थोड्या सरावानं ओळखता येतात. राउंडिंग, युनिट, डिफॉल्ट, फॉर्म्युला, वेस्टेज, वजावट, इम्पोर्ट, एक्स्पोर्ट यांपैकी एखादा शब्द दिसला की तिथं थांबायचं. यात सगळ्यात वाईट 'डिफॉल्ट'. फॉर्म्युला बदलला तर कंपनी निदान सांगते तरी, कारण त्यात तिला काहीतरी मिरवता येतं. डिफॉल्ट मात्र गुपचूप बदलतं. जुन्या कामांना हात लागत नाही, फक्त नव्या कामात वेगळा आकडा येतो, आणि दोन कामं शेजारी ठेवून पाहीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. 'गणना आता अधिक अचूक' असं लिहिलेलं दिसलं तर त्याचा सरळ अर्थ घ्या: आकडा बदललाय. अचूक झाला का, ते आपण बघायचं.

हातानं केलेलं एक एस्टिमेट जवळ ठेवा

या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा. एक छोटं काल्पनिक काम तयार करा, फार तर पंचवीस-तीस आयटमचं, आणि त्याची उत्तरं कॅल्क्युलेटरवर हातानं काढा. प्रत्येक अपडेटनंतर तेच काम नव्या आवृत्तीत नव्यानं भरायचं आणि छापील उत्तराशी जुळवायचं. नव्यानं भरणं महत्त्वाचं आहे. जुनी फाइल नुसती उघडली तर तिच्यात साठवलेली उत्तरंच दिसतात आणि सगळं आलबेल वाटतं. हाताची उत्तरं पीडीएफमध्ये किंवा कागदावर ठेवा, त्याच सॉफ्टवेअरमध्ये नको.

या कामात आयटम निवडताना मी मुद्दाम खोडसाळ निवडते. माझा आवडता आयटम म्हणजे लिंटेल, दार-खिडकीवरची आडवी तुळई. १.२ मीटर लांब, ०.२३ मीटर रुंद, ०.१५ मीटर उंच. एकाचं काँक्रीट होतं ०.०४१४ घनमीटर. असे ६० नग घेतले तर २.४८४ घनमीटर. आता सॉफ्टवेअर प्रत्येक नगाचा आकडा आधी दोन दशांशांवर आणून मग गुणत असेल तर ०.०४ गुणिले ६०, म्हणजे २.४० येतात. तीन टक्क्यांहून जास्त काँक्रीट नुसत्या राउंडिंगमध्ये गायब. मोठ्या स्लॅबवर हा फरक दिसतच नाही, म्हणून चाचणीच्या कामात बारीक आणि भरपूर नगांचा आयटम हवाच. लिंटेल, पेडेस्टल, खिडकीची सिल, काहीही चालेल.

राउंडिंगचा आणखी एक प्रकार आहे. बरोबर मध्यावरचा आकडा, समजा ०.१२५, दोन दशांशांवर आणायचा तर शाळेत शिकलेल्या पद्धतीनं ०.१३ होतो. पण काही प्रोग्रामिंग भाषांच्या राउंडिंग फंक्शनमध्ये मूळ नियम 'जवळच्या सम अंकाकडे' असा असतो, तिथं तोच आकडा ०.१२ होतो. कंपनीनं आतलं इंजिन नव्यानं लिहिलं, म्हणजे बातमीपत्रात 'वेग दुप्पट' अशी फुशारकी आली, की हे बदलू शकतं. एका ओळीत नगण्य, पण बीओक्यूची, म्हणजे परिमाणं आणि दरांच्या यादीची, बेरीज शेवटच्या अंकात जुळत नाही आणि मग तपासणारा माणूस उगाच सगळ्यावरच शंका घेतो.

स्टीलची गोष्ट याहून मजेदार आहे. सळईचं, म्हणजे बारचं, मीटरला वजन काढायला साइटवर सगळे मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ करतात. १२ मिमीच्या बारसाठी १४४ भागिले १६२, म्हणजे मीटरला ०.८८८९ किलो. हे सूत्र आलं कुठून, तर स्टीलची घनता घनमीटरला ७८५० किलो आणि बारचं वर्तुळाकार क्षेत्रफळ यांच्या गुणाकारातून. पण खरा भाजक १६२.२ च्या आसपास येतो. घनतेवरून थेट काढलं तर मीटरला ०.८८७८ किलो. ४५,००० मीटर बार असेल तर पहिल्या पद्धतीनं बरोबर ४०,००० किलो, दुसरीनं साधारण ३९,९५२. फरक ४८ किलोंचा. दोन्ही पद्धती चालतात, वाद त्याचा नाही. पण कालपर्यंत सॉफ्टवेअर १६२ नं भागत होतं आणि आज घनतेवरून काढतंय, हे तुम्हाला क्लायंटच्या आधी कळायला हवं. त्यांच्या कन्सल्टंटचं बार बेंडिंग शेड्यूल (सळया कापण्या-वाकवण्याची यादी) जुन्याच सूत्रावर बसलेलं असतं.

बाकी यादीत एक ओपनिंग (दार-खिडकीची मोकळी जागा) असलेली भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह, एक शून्य परिमाणाचा 'फक्त दर' असलेला आयटम, एक लमसम (ठोक रकमेचा) आणि एक पर्यायी आयटम टाका. पर्यायी आयटम बेरजेत धरला जातोय का, एवढंच त्यात बघायचं असतं.

टेकऑफमधले बदल

टेकऑफ म्हणजे ड्रॉइंगवरून परिमाणं मोजून काढणं. पीडीएफवरून मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हल्ली 'स्केल आपोआप ओळखतो' अशी सोय वारंवार जाहीर होते. ही सोय ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमधलं (माहितीच्या चौकटीतलं) १:१०० वाचते. पण ते ड्रॉइंग कुणी पीडीएफ करताना 'पानात बसवा' निवडून ९४ टक्क्यांवर छोटं केलं असेल तर टायटल ब्लॉकमध्ये १:१०० तसंच राहतं आणि रेषा मात्र आखडलेल्या असतात. लांबी ६ टक्के कमी, क्षेत्रफळ जवळजवळ १२ टक्के कमी. ए१ चं ड्रॉइंग ए३ वर आलं तर प्रत्येक लांबी निम्मी होते आणि ते कुणाच्याही डोळ्यात भरतं. ९४ टक्के मात्र कुणालाच खटकत नाही. म्हणून स्केल कुणीही ओळखो, ज्यावर माप लिहिलंय अशी एक लांब रेषा आडवी आणि एक उभी, दोन्ही मोजून बघायच्याच. दोन्ही दिशांना, कारण स्कॅन केलेली पानं एका दिशेला ताणलेली असू शकतात.

एआय टेकऑफची घोषणा आता प्रत्येक कंपनी करते. मी ते वापरते, आणि दारं मोजण्याचं कंटाळवाणं काम त्यानं कमी केलं हे मान्य आहे. पण तपासताना पहिली नजर लेजंडवर टाका. चिन्हांच्या यादीत नमुना म्हणून काढलेलं दार हे यंत्र खरं दार म्हणून मोजू शकतं. दुसरी नजर मोठ्या प्रमाणातल्या तपशिलावर: प्लॅनमधलं टॉयलेट आणि त्याचंच शेजारी काढलेलं मोठं चित्र, दोन्हीकडचे कमोड मोजले जातात. तिसरी नजर मिरर केलेल्या, म्हणजे आरशातल्यासारख्या उलट काढलेल्या, युनिटवर. चाचणीसाठी ही तिन्ही गोंधळाची ठिकाणं असलेलं, पूर्वी हातानं मोजलेलं एक ड्रॉइंग बाजूला काढून ठेवा. कंपनीच्या डेमोमधलं ड्रॉइंग नेहमी स्वच्छच असतं.

बिम मॉडेलमधून, म्हणजे इमारतीच्या माहितीसह बनवलेल्या डिजिटल मॉडेलमधून, परिमाणं घेत असाल तर आयएफसीची ओळ नीट वाचा. आयएफसी हा अशी मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा खुला साचा, तो आयएसओ १६७३९ या मानकात आहे आणि २०२४ मध्ये त्याची ४.३ ही आवृत्ती त्यात आली, त्यामुळे 'नव्या आयएफसीला सपोर्ट' ही बातमी बऱ्याच ठिकाणी दिसेल. त्यात भिंतीच्या बाजूचं एकूण क्षेत्रफळ आणि ओपनिंग वजा केलेलं निव्वळ क्षेत्रफळ अशी दोन वेगळी परिमाणं असतात. आधी एकूण क्षेत्रफळ येत होतं म्हणून तुम्ही टेम्प्लेटमध्ये खिडक्यांची वजावट लावून ठेवली असेल, आणि नव्या आवृत्तीत निव्वळ यायला लागलं, तर खिडकी दोनदा वजा होते. प्लास्टर, पेंट, टाइल सगळंच कमी भरतं. एक भिंत, एक खिडकी एवढंच मॉडेल आणून बघितलं की पाच मिनिटांत कळतं.

टक्के कशावर?

नफ्याच्या रकान्याचं नाव बदललं, असं बारीक अक्षरात आलं तर हातातलं काम ठेवून तपासा. खर्च १०० असेल आणि खर्चावर १५ टक्के लावले तर ११५ होतात. विक्रीच्या रकमेवर १५ टक्के हवे असतील तर १०० भागिले ०.८५, म्हणजे ११७.६५. पहिला मार्कअप, दुसरं मार्जिन, पण हे दोन शब्द मीटिंगमध्ये सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. सॉफ्टवेअर लिहिणारेही माणसंच आहेत. ओव्हरहेड (ऑफिससारखा वरखर्च) आधी लागतो की नफा, आणि नफा ओव्हरहेडवरही लागतो का, हेही त्याच वेळी बघून घ्या.

एक्सेलमध्ये गेल्यावर

एक्स्पोर्टमध्ये सुधारणा झाली की आयटम कोड तपासायचे. ३-१२ असा कोड एक्सेल तारीख समजतं. ०३३०० चा ३३०० होतो, कारण पुढचं शून्य त्याला निरर्थक वाटतं. आधी कंपनी तो रकाना मजकूर म्हणून पाठवत असेल आणि आता आकडा म्हणून पाठवत असेल तर तुमच्या सगळ्या लिंक तुटतात.

कोडची यादीच बदलण्याची वेळही येते. मास्टरफॉरमॅट ही अमेरिका-कॅनडात चालणारी वर्गवारी २००४ मध्ये १६ विभागांवरून ५० विभागांवर गेली. जागेवर ओतलेल्या काँक्रीटचा ०३३०० हा कोड सहा अंकी ०३ ३० ०० झाला, आणि इलेक्ट्रिकल सोळाव्या विभागातून सव्विसाव्यात गेलं. तेव्हा ज्यांच्याकडे जुन्या कोडसमोर नवा कोड अशी स्वतःची यादी होती, त्यांचे जुने दर कामाला आले. तुम्ही कुठलीही वर्गवारी वापरत असा, प्रत्येक दरासमोर तुमचा स्वतःचा, कुणाच्या आवृत्तीशी न बांधलेला एक क्रमांक ठेवा.

अपडेट कधी घ्यायचं

टेंडरच्या आठवड्यात नाही. याला अपवाद फक्त सिक्युरिटीच्या पॅचचा. आवृत्तीच्या क्रमांकातला पूर्णांक बदलणारी मोठी आवृत्ती बहुधा फाइलचा साचाही बदलते: नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही. त्यामुळे टीममधल्या चारपैकी एकाच्या मशीनवर आधी घेऊन 'बघू कसं वाटतं' हा प्रकार खऱ्या कामावर करू नका. त्यानं सहज एक सेव्ह मारलं की बाकी तिघं बाहेर. चाचणी कॉपीवर करा, चालू कामं जुन्या आवृत्तीत संपवा आणि मग सगळे एकाच दिवशी बदला. बॅकअप घेतलाच असेल, पण तो एकदा दुसऱ्या मशीनवर उघडूनही बघा.

क्लाउडवरच्या सॉफ्टवेअरमध्ये हे हातात नसतं, सकाळी लॉगिन केलं की बदललेलं असतं. तिथं भाव पाठवताना एस्टिमेटच्या पीडीएफवर तारीख आणि आवृत्ती छापून ठेवणं, आणि परिमाणांसकट पूर्ण एक्स्पोर्ट काढून ठेवणं, एवढं तरी करता येतं.

कंपनीच्याच बातम्या

कंपनी विकली गेली, दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, अशा बातम्या या क्षेत्रात नव्या नाहीत. एस्टिमेटिंग सॉफ्टवेअर बनवणारी टिंबरलाइन २००३ मध्ये सेज या सॉफ्टवेअर कंपनीनं घेतली. २०१८ च्या शेवटी ऑटोडेस्कनं प्लॅनग्रिड आणि बिल्डिंगकनेक्टेड या दोन्ही बांधकाम-सॉफ्टवेअर कंपन्या घेत असल्याचं लागोपाठ जाहीर केलं. अशा बातमीत 'ग्राहकांसाठी काहीही बदलणार नाही' हे वाक्य असतंच, आणि त्या दिवसापुरतं ते खरंही असतं. घाबरण्याचं कारण नाही, पण तीन गोष्टी लेखी विचारून ठेवा: आत्ताच्या आवृत्तीला सपोर्ट कोणत्या तारखेपर्यंत आहे, लायसन्स कायमचं असेल तर ते वर्गणीत बदलणार का, आणि वर्गणी बंद केल्यावर जुनी एस्टिमेट निदान वाचता तरी येतील का. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर प्रत्येक दराची फोड, म्हणजे रेट अ‍ॅनालिसिस त्याच महिन्यात बाहेर काढून ठेवा. नुसते अंतिम दर नकोत. मजुरी, मटेरियल, मशिनरी आणि वेस्टेज वेगवेगळ्या रकान्यांत हवं, नाहीतर पुढच्या वर्षी सिमेंट महागलं तर काय कुठं बदलायचं ते कळणार नाही.

चाचणीत फरक सापडला तर सपोर्टला 'आकडे चुकतायत' असं लिहू नका, त्यावर 'कॅश क्लिअर करा' असंच उत्तर येईल. जुन्या आणि नव्या आवृत्तीचे पूर्ण क्रमांक, लिंटेलसारखी एकच ओळ, तिची मापं, जुनं उत्तर, नवं उत्तर आणि हातानं काढलेलं उत्तर, एवढंच पाठवा. मग विचारा: हा बदल मुद्दाम केलाय का, आणि केला असेल तर जुनी पद्धत ठेवण्याची सेटिंग कुठं आहे? बऱ्याचदा ती असते, चौथ्या-पाचव्या मेन्यूच्या पोटात. तोपर्यंत नव्या आवृत्तीतून कुणालाही भाव पाठवू नका.