जास्वंदीच्या कळ्या गळतात? या चुका टाळा

कळ्या भरपूर लागतात, पण उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळतात. अशा वेळी बहुतेक जण आधी खत घालतात. माझं ऐका, आधी पान उलटून बघा.

पानामागे, कळीच्या देठाशी पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर तो पिठ्या ढेकूण. जास्वंद, भेंडी आणि कापूस एकाच कुळातले, म्हणून तिघांनाही तो छळतो. शेजारच्या कुंडीत भेंडी असेल तर तीही तपासा. झाडावर मुंग्यांची रांग दिसली की समजावं, पिठ्या कुठेतरी असू शकतो. त्याच्या अंगातून झरणाऱ्या गोड चिकट रसासाठी मुंग्या त्याला जपतात, एका फांदीवरून दुसरीवर नेतात. पाण्याचा जोरदार फवारा मारून तो धुऊन काढा. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, खाली कुंडीत पडू देऊ नका. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा फवारा. एकदा फवारून थांबलात तर तो परत येतो, हे मी स्वतः भोगलं आहे.

मुंग्यांना आपणच बोलावतो, तेही चहाच्या चोथ्याने! दूध-साखरेचा चोथा तसाच कुंडीत टाकू नका. धुऊन, वाळवून मगच घाला.

कीड नसेल तर पाणी बघा. कुंडी दोन दिवस कोरडी ठेवून तिसऱ्या दिवशी बादलीभर पाणी ओतलं की कळ्या गळणारच. ऊनही पाच-सहा तास हवं.

मूठभर डीएपी हे रासायनिक खत तर नकोच. त्यात ४६ टक्के स्फुरद (फॉस्फेट) असतं. ते जास्त झालं की जास्वंदीला लोह नीट घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. शेणखत पुरतं.

छाटणीची वेळ मात्र सर्रास चुकते. फूल नव्या फुटीवर येतं आणि छाटल्यानंतर पुन्हा बहर यायला दोन-तीन महिने जातात. गणपतीला घरची लाल जास्वंद वाहायची असेल तर मेअखेरीस कात्री लावा. श्रावणात छाटलेलं झाड चतुर्थीला नुसतं पानांनी भरलेलं असतं.

याच कुळातल्या गुलखैऱ्याचं (हॉलीहॉक) तंत्र वेगळं. त्याचं सोटमूळ उपटून लावणं सोसत नाही, म्हणून बी पाऊस ओसरल्यावर थेट खोल कुंडीतच पेरा.