हंगाम संपला, आता वही उघडा: आयोवातल्या कायोटी-खोकडांच्या शिकारीचा हिशेब कसा मांडायचा

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात लाल आणि करड्या खोकडांचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो आणि जानेवारीअखेर बंद होतो. कायोटीला, म्हणजे लांडग्या-कोल्ह्यांच्या कुळातल्या इथल्या जनावराला, तसं बंधन नाही, त्याला बाराही महिने परवानगी आहे. तरी मार्च लागला की मी रायफल पुसून कपाटात ठेवतो. कायोटींचा माजाचा काळ जानेवारी-फेब्रुवारीत येतो आणि मादी साधारण ६३ दिवसांनी विते, म्हणजे मार्चमध्ये वयात आलेल्या बहुतेक माद्या गाभण असतात. कुणाच्या मेंढ्या उचलल्या जात असतील तर गोष्ट वेगळी. एरवी त्या दिवसांत बार टाकायला माझं मन घेत नाही.

तिथून पुढचे दोन-तीन आठवडे मी वहीला देतो. डे मॉईन आणि एम्स या शहरांकडची काही मराठी मुलं आता परवाने काढून माझ्याबरोबर येतात. "काका, आवाज कुठला लावायचा?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, म्हणजे लपून बसल्यावर जनावराला जवळ बोलवायला भोंग्यावर सशाची किंकाळी वाजवायची की कायोटीची हाळी. आवाजाचं सांगेनच, पण पुढच्या वर्षी तुम्हाला जनावर दिसणार की नाही हे या वर्षीच्या नोंदी तुम्ही कशा वाचता यावर ठरतं. विशेषतः रिकाम्या गेलेल्या बैठकांच्या नोंदी.

आधी परवान्याचं, थोडक्यात. १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्यांना शिकार-सुरक्षेचा वर्ग पूर्ण केल्याशिवाय इथे शिकारीचा परवाना मिळत नाही. कायोटीला साधा शिकार परवाना चालतो, खोकडाला फर हार्वेस्टर, म्हणजे फरवाल्या जनावरांचा वेगळा परवाना लागतो. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर वैध शिकार परवाना हातात आल्याशिवाय बंदुकीला किंवा गोळ्यांना हातसुद्धा लावू नका, केंद्रीय कायदा त्याबाबत कडक आहे. आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे सगळं बंद आहे, तेव्हा इथे शिकलेलं तिकडे गावी जाऊन करायचं नाही.

नोंद कशी असावी

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देतो. त्यातले मेंढीवाले आजोबा म्हणजे ज्यांच्या शेतावर मी बसतो ते एक शेतमालक.

"११ फेब्रुवारी. मेंढीवाले आजोबा, उत्तरेचं गवत. सकाळी ७.१०. उणे १६. वारा वायव्येचा, मंद. बर्फ चार बोटं, वर कवच. भोंगा माझ्यापासून नैर्ऋत्येला ४० पावलं. ससा तीन मिनिटं, शांत दोन, मादीची हाळी एकदा, मग शांत. चौदाव्या मिनिटाला नर, दक्षिणेकडून, ओढ्याच्या तळातून वर. भोंग्याच्या वाऱ्याखाली जायला वळला. ९० पावलांवर थांबला. एक बार. सुळे आणि पुढचे दात झिजलेले. पोटात उंदीर, मक्याचे दाणे, सशाचे केस."

यातली प्रत्येक गोष्ट कामाची आहे, पण सगळ्यात आधी वारा लिहा. कायोटी आवाजाकडे सरळ धावत येतो असं नवख्यांना वाटतं. कोवळं जनावर येतंही. मुरलेला कायोटी मात्र आवाजाला वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, वास घेतो आणि मग ठरवतो. म्हणून भोंगा स्वतःजवळ न ठेवता आडव्या वाऱ्यात ३०-४० पावलं दूर ठेवायचा, म्हणजे त्याचा वळसा तुमच्या वासाच्या पट्ट्यात शिरण्याआधी नजरेसमोरून जातो. वरच्या पानावर नेमकं तेच घडलं आहे.

आवाज सुरू झाल्यापासून जनावर दिसेपर्यंतची मिनिटं लिहा. खोकड आलं तर बहुधा लवकर येतं. कायोटीसाठी मी २० मिनिटं बसतो, फेब्रुवारीत त्याहून जास्त. ही मिनिटं वर्षाअखेर एका ओळीत मांडली की आपण कुठल्या महिन्यात लवकर उठतो आहोत ते कळतं.

चुकलेला बारही लिहा, अंतरासकट. टू-ट्वेंटी-थ्री किंवा टू-फोर्टी-थ्री रायफलची गोळी लांब जाते आणि आयोवाची जमीन बऱ्याच ठिकाणी सपाट आहे. मागे मातीचा उतार नसेल तर बार टाकायचा नाही. ज्या बैठकीवर केवळ मागे घर किंवा गोठा होता म्हणून बोट घोड्यावरून काढलं, तिच्यापुढे मी "मागे आधार नाही" असं लिहून ठेवतो. पुढच्या वर्षी ती बैठक फिरवायची असते.

नकाशा पसरा

आयोवाचा ग्रामीण भाग एक-एक मैलाच्या चौकोनांत आखलेला आहे, भोवती खडीचे रस्ते. कौंटीचा जमीनमालकांच्या नावांचा नकाशा विकत मिळतो, त्यावर एकेका चौकोनात कोणाची किती जमीन ते दिसतं. बहुतेक जमीन खाजगी असल्याने परवानगी मागायलाही तोच लागतो. त्याच्या झेरॉक्सवर मी प्रत्येक दिसलेल्या जनावराचा बाण काढतो: कुठून निघालं, कुठून वळलं, कुठे थांबलं. लाल शाई खोकडाला, काळी कायोटीला. बार टाकला की नाही याच्याशी बाणाचा संबंध नाही.

दोन-तीन वर्षांचे बाण एकावर एक आले की शेत वेगळं दिसायला लागतं. रस्त्याखालची सिमेंटची मोरी, दोन कुंपणांचा कोपरा, पाण्याची धूप थांबवायला शेताच्या मधून सोडलेला गवताचा पट्टा, जुन्या घरामागची झाडी: जनावरं बदलतात, बाण याच ठिकाणांवरून जातात. आजोबांच्या शेतावर तर कायोटी जवळपास नेहमी ओढ्याच्या तळातूनच वर येतात, मग वारा कुठलाही असो. त्यामुळे तिथली माझी जागा आता ओढ्याकडे बघून ठरते.

रिकाम्या बैठका

बहुतेक लोक यांच्यापुढे नुसता शून्य लिहितात. हा शून्य तीन प्रकारचा असतो आणि ते वेगळे केल्याशिवाय वहीचा उपयोग नाही. जनावर तिथे नव्हतंच. होतं, पण आलं नाही. किंवा आलं, आणि तुम्हाला दिसलंच नाही.

तिसरा प्रकार ओळखायला एक सवय लावून घ्या. बैठक संपली की गाडीकडे निघण्याआधी बंदूक रिकामी करा आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूने शे-दीडशे पावलांवर अर्धगोल चालून या. बर्फ असेल तर सगळं लिहिलेलं सापडतं. कायोटीचे ठसे सरळ ओळीत, लांबट, नखं पुढे. एका जागी ते थांबतात, बर्फ थोडा दाबलेला असतो, आणि तिथून टापा लांब पडत जातात, परत मागे. तिथेच त्याला वास लागला. ठशाच्या कडा अजून ठिसूळ, धारदार असतील तर तो तुम्ही बसलेले असतानाच आला होता. ती जागा नकाशावर मांडा. पुढच्या वेळी भोंगा किंवा तुमची बैठक किती सरकायला हवी ते त्या एका खुणेवरून मोजता येतं. गेल्या हंगामात मला मिळालेल्या सगळ्यात मोलाच्या नोंदी या आहेत, आणि त्या दिवशी मी एकही जनावर पाहिलं नव्हतं.

होतं पण आलं नाही, हे ओळखायला आदल्या संध्याकाळी रस्त्यावर गाडी बंद करून दहा मिनिटं कान द्या. अंधार पडताना कोल्हेकुई झाली आणि सकाळी कोणी आलं नाही, तर कारण शोधा. डिसेंबरमध्ये इथे हरणांचा शॉटगनचा हंगाम असतो. तो झाला की शेताशेतांत आतडी आणि न सापडलेली जखमी हरणं पडलेली असतात, कायोटींची पोटं भरलेली असतात आणि सशाच्या किंचाळण्याला कोणी भीक घालत नाही. शिवाय त्याच दिवसांत माणसांची वर्दळ झालेली असते, जनावर बुजलेलं असतं. त्या पंधरवड्याच्या रिकाम्या बैठका मी वेगळ्या रंगाने खुणावतो, नाहीतर चांगलं शेत उगाच यादीतून बाद होतं. तसंच, कुत्री आणि पिकअप घेऊन कायोटी पळवणारे गट त्या चौकोनात येऊन गेले असतील तर तेही लिहा.

एकाच जागी पुन्हा कधी बसलात ती तारीख तपासा. माझ्या नोंदींत तीन-चार आठवडे विसावा दिलेल्या जागा आणि आठवड्याभरात पुन्हा गाठलेल्या जागा यांतला फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे.

आवाज, महिन्यागणिक

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या वर्षीची पिल्लं घर सोडून फिरत असतात, सशाच्या किंकाळीला ती भुलतात. डिसेंबरपर्यंत तोच आवाज त्यांनी दहा जणांकडून ऐकलेला असतो. तेव्हा मी भोंगा बंद करून ओठांनी उंदराची चिरचिर काढतो, अगदी हळू. थंड, शांत हवेत ती लांब जाते. जानेवारीच्या मध्यापासून हाळीचे दिवस: एकटी मादी, परका नर, जोडीची साद. नव्या माणसाने हाळी कमी द्यावी. एकदा देऊन गप्प बसणं पुष्कळ असतं.

जिथे खोकड बघायचं आहे तिथे मात्र हाळी देऊच नका. कायोटी खोकडाला मारतो, आणि खोकडाला ते पक्कं माहीत आहे. लाल खोकडं इथे बरेचदा गोठ्यांच्या आणि घरांच्या जवळ बिळं करतात, कारण कायोटी माणसाच्या तितका जवळ येत नाही. वहीतल्या लाल बाणांवरून हे तुमच्याही लक्षात येईल. करडं खोकड झाडावर चढणारं, दाट झाडीतलं जनावर. त्याची संख्या आयोवात घसरली आहे. हंगाम उघडा असला तरी मी त्याच्यावर बंदूक उचलत नाही, आणि माझ्याबरोबर येणाऱ्यांनीही उचलू नये असं मी स्पष्ट सांगतो. दिसलं तर जागा आणि वेळ लिहा, झालं.

मारलेल्या जनावराकडून

हातमोजे घालूनच कामाला लागा. मध्य-पश्चिमेतल्या कायोटी-खोकडांत एकायनोकॉकस नावाचा फीतकृमी सापडतो, त्याची अंडी विष्ठेतून आणि केसांवरून माणसाच्या पोटात गेली तर दुखणं गंभीर असतं. शेपटी आणि मागचे पाय उघडे पडलेले दिसले तर लूत आहे. असं जनावर गाडीत कुत्र्याशेजारी टाकायचं नाही, आणि कुठल्या शेतावर दिसलं ते मालकाला त्याच दिवशी कळवायचं.

वरचे पुढचे दात बघा. पहिल्या वर्षाच्या जनावराच्या दातांना तीन टोकं स्वच्छ दिसतात, वयाबरोबर ती झिजून सपाट होतात. मग हंगामाअखेर कोवळी किती, मुरलेली किती ते मोजा. नुसती कोवळीच असतील तर तुम्ही बहुधा वाटसरूंना मारत होता, तिथल्या ठाणेदार जोडीला नाही. शेतमालकाला याचा अर्थ समजावून सांगावा लागतो, कारण कायोटी नुसते मारून संपत नाहीत: रिकाम्या जागी बाहेरून नवे येतात, आणि उरलेल्या माद्यांना पिल्लं जास्त होतात. माझ्या मते ज्या शेतावरची जोडी उंदीर-सशांवर जगते आणि मेंढीला तोंड लावत नाही, तिला राहू द्यावं.

आजोबांना हे पटायला वेळ लागला. "तू बंदूकवाला असून मला सोडून द्यायला सांगतोस?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी पोटातल्या नोंदींची पानंच त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. उंदीर, ससे, मका, हरणाचे केस, गाईची वार. लोकर त्यात कुठेच नव्हती. आता आमचं असं ठरलं आहे की मेंढ्या विण्याआधी मी त्यांच्या कुंपणाला लागून असलेल्या जागी बसायचं, आणि ओढ्यापलीकडे जायचं नाही.

कातड्यांचं फार सांगण्यासारखं उरलेलं नाही. जाकिटांच्या टोप्यांना कायोटीची फर लावण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या कॅनडा गूस या कंपनीने २०२१ मध्ये फर बंद करण्याचं जाहीर केलं, आणि बाजार आधीच मऊ होता. तरीही चांगलं कातडं मी टाकत नाही, ताणून सुकवतो आणि कमवायला पाठवतो.

शेवटचं काम

एप्रिलच्या आत प्रत्येक मालकाला एक पान लिहून द्या: काय दिसलं, कुठलं कुंपण पडलं आहे, कुठे लूत लागलेलं जनावर होतं. सोबत मी हिच्या हातचे बेसनाचे लाडू नेतो. पुढच्या वर्षीची परवानगी त्याच भेटीत मागायची, ऑक्टोबरमध्ये कापणीच्या धांदलीत दार वाजवायचं नाही.

मग वहीच्या मागच्या पानावर वाऱ्याप्रमाणे यादी करा. वायव्येचा वारा असेल तर बसण्यासारख्या जागा कुठल्या, दक्षिणेचा असेल तर कुठल्या, आणि कुठल्या जागी कुठल्याच वाऱ्यात लपून पोहोचता येत नाही. प्रत्येकीपुढे गाडी कुठे लावायची आणि पायी कुठून जायचं तेही लिहा. मका आणि सोयाबीन दरवर्षी अदलाबदल होतात, म्हणून पेरणी झाली की जूनमध्ये एकदा चक्कर मारून कुठल्या तुकड्यात काय आहे ते यादीत भरा. सोयाबीन निघालेलं शेत मोकळं पडतं, मक्याचे खुंट जनावराला आडोसा देतात, आणि पहिल्या बर्फाच्या सकाळी कुठे जायचं ते यावरूनच ठरवायचं असतं.