अमेरिकेत पोरं बारावी होताना: आमच्या दोन ग्रॅज्युएशनमधून कळलेलं बरंच काही

आम्ही नाशिकहून न्यू जर्सीत आलो २०१४ च्या उन्हाळ्यात, लेक नववीत जायची होती आणि धाकटा अजून प्राथमिकला. लेक २०१८ ला हायस्कूल ग्रॅज्युएट झाली, धाकटा २०२३ ला. आता दरवर्षी कोणीतरी नवीन आलेलं मंडळात भेटतं आणि विचारतं की ताई हे क्लास ऑफ अमुक-तमुक म्हणजे काय प्रकरण असतं, तर एकदाच सगळं लिहून काढते. हे आमच्या भागातलं आहे, दुसऱ्या राज्यात थोडं इकडे-तिकडे होईल.

पहिलं म्हणजे हायस्कूल इथे नववी ते बारावी, चार वर्षं, आणि मूल नववीत पाय ठेवतं तेव्हाच त्याच्या बॅचला नाव पडतं, कोणत्या वर्षी बाहेर पडणार त्याचं. आपल्याकडे दहावीचं एकच वर्ष म्हणजे सगळं, नववीला कोण विचारतंय. इथे उलटं आहे, नववीच्या पहिल्या तिमाहीतला मार्कसुद्धा ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे चारही वर्षांच्या एकत्र मार्कशीटवर, चार वर्षं बसून राहतो. लेकीच्या नववीत आम्ही म्हणालो राहू दे, रुळू दे आधी. रुळली ती, पण तो इंग्रजीचा सी शेवटपर्यंत तिथेच.

शाळेतल्या पहिल्याच मीटिंगला आमच्या ह्यांनी काउन्सेलरला विचारलं, वर्गात कितवी आहे? ती बाई हसली आणि म्हणाली आम्ही नंबर काढत नाही. ह्यांना वाटलं लपवतेय. खरंच काढत नव्हते, बऱ्याच शाळांनी रँक बंद केलीये, काही शाळांत व्हॅलेडिक्टोरियन म्हणजे पहिला आलेला भाषण करतो ते अजून आहे, काही ठिकाणी तेही नाही. त्याऐवजी जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी. साधा जीपीए ४ पैकी, पण ऑनर्स (जरा अवघड) आणि एपी (कॉलेजच्या पातळीच्या) विषयांना वजन जास्त, म्हणजे आमच्या शाळेत एपीमधला ए पाच धरायचे, म्हणून कोणाचा जीपीए ४.४ ऐकलात तर दचकू नका. आणि ते वजन प्रत्येक शाळेचं वेगळं, त्यामुळे दुसऱ्या गावातल्या मैत्रिणीच्या मुलाशी तुलना करण्यात काही अर्थ नाही (तरी आपण करतोच).

ग्रॅज्युएट व्हायला न्यू जर्सीत कमीत कमी १२० क्रेडिट लागतात, विषय पास केला की त्याचे ठरलेले क्रेडिट जमा होतात. इंग्रजी चार वर्षं, गणित-विज्ञान-समाजशास्त्र तीन-तीन, शिवाय परकी भाषा, कला, जिम, आणि पैशाच्या व्यवहाराचा अर्ध्या वर्षाचा विषय. मूल नववीनंतर भारतातून आलं तर तिथल्या मार्कशीटवरून क्रेडिट धरतात, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला एकटा पुरत नाही, प्रत्येक वर्षाची मार्कशीट आणि कोणते विषय होते ते मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी इंग्रजीत घेऊन या. आमच्या ओळखीतला मुलगा दहावी करून आला, कागद अर्धे नाशिकला, मग काकांना शाळेत पळवलं, दोन महिने गेले त्यात.

आता ते दोऱ्यांचं. ग्रॅज्युएशनला गाऊनवर पोरांच्या गळ्यात रंगीबेरंगी गोंडेवाल्या दोऱ्या दिसतात ना, त्या उगाच नसतात, प्रत्येक दोरी म्हणजे एकेक सन्मान. नॅशनल ऑनर सोसायटीची (मार्क आणि समाजसेवा दोन्ही बघून मुलांना घेतात ती संस्था) एक, म्युझिकची एक, समाजसेवेची एक, असं. लेकीच्या गळ्यात एकच होती. मार्क होते तिचे ऑनर सोसायटीला पुरतील एवढे, पण त्यांना सेवेचे तास सहीनिशी लागतात आणि पोरगी दोन वर्षं दर शनिवारी लायब्ररीत लहान मुलांना वाचून दाखवायला जायची, कुठे लिहून म्हणून ठेवलं नाही. अकरावीत फॉर्म आला तेव्हा ज्या बाईंनी सही करायची त्या रिटायर होऊन फ्लोरिडाला. धाकट्याच्या वेळी मी फ्रिजवर कागदच लावला, तारीख, तास, कोणासमोर, सही. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येकजण हो हो म्हणतो आणि अकरावीत मला फोन करतो.

तसंच एक द्विभाषिकतेचं सील असतं, सील ऑफ बायलिटरसी, न्यू जर्सीत त्याचा कायदा २०१६ ला झाला. इंग्रजीशिवाय दुसरी एक भाषा बोलता-वाचता-लिहिता येते हे परीक्षेने दाखवायचं, मग ट्रान्स्क्रिप्टवर तशी नोंद होते. धाकट्याला मिळालं पण स्पॅनिशवर, घरात दिवसभर मराठीत भांडतो त्याचं काहीच नाही, कारण मराठीची परीक्षा शाळेला चालेल का ही चौकशी मी बारावीत केली. तुम्ही दहावीत करा, आणि मूल बोलत असेल तरी लिहायची सवय राहू द्या.

बारावीचं वर्ष म्हणजे लगीनघाई. उन्हाळ्यातच सीनियर फोटो काढतात, मुलींना खांद्यावरून काळं मखमली कापड गुंडाळतात आणि मुलांना पुढून दिसेल एवढाच कोट, मी म्हटलं हे काय पासपोर्टचं दुकान आहे का, पण इयरबुकमध्ये, म्हणजे शाळेच्या त्या वर्षाच्या फोटोंच्या पुस्तकात, सगळे एकसारखे दिसतात ते छान दिसतं. १ ऑगस्टला कॉमन अॅप (एकाच फॉर्मवरून बऱ्याच कॉलेजांना अर्ज करायची वेबसाइट) उघडतं, लवकर अर्ज करणाऱ्यांची तारीख बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, बाकीच्यांची जानेवारीच्या सुरुवातीला, आणि १ मेपर्यंत कुठे जायचं ते पक्कं करायचं. त्या दिवशी पोरं आपापल्या कॉलेजचा टीशर्ट घालून शाळेत जातात. कॉलेजबद्दल एवढंच, त्यावर लिहिणारे खूप आहेत.

त्यापेक्षा गावातल्या स्कॉलरशिपबद्दल सांगते कारण आपले लोक ते सोडून देतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गायडन्स ऑफिस एक यादी काढतं, गावातला रोटरी क्लब, पालक संघटना, अशा स्थानिक लोकांच्या छोट्या छोट्या स्कॉलरशिप, पाचशे डॉलर, हजार डॉलर. ह्यांनी हिशोब केला, कॉलेजच्या फीसमोर हे म्हणजे दर्या में खसखस, आणि आम्ही लेकीच्या वेळी एकही भरली नाही. मग मे महिन्यात सीनियर अवॉर्ड नाइट झाली तेव्हा कळलं की काही स्कॉलरशिपना अर्ज करणारेच चार-पाच जण होते. धाकट्याने सहा भरल्या, दोन मिळाल्या. अट मात्र नीट वाचा, काहींना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, सरकारी मदतीचा फाफ्सा फॉर्मही एच-४ वरच्या (आई-वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या) मुलांना लागू होत नाही. पण गावातल्या बऱ्याच ठिकाणी फक्त आमच्या शाळेतून ग्रॅज्युएट होणारा एवढीच अट असते.

त्या अवॉर्ड नाइटला लेकीचं फारसं काही नव्हतं तरी आम्ही गेलो आणि बरं झालं गेलो. मला वाटलेलं आपल्यासारखा गुणगौरव, पहिले तीन आणि मग शाल-श्रीफळ. तर तिथे मोठमोठ्या कॉलेजला जाणाऱ्यांना टाळ्या पडल्या त्या पडल्या, पण मरीनमध्ये, म्हणजे सैन्यात, भरती झालेल्या मुलाला अख्खं ऑडिटोरियम उभं राहिलं, प्लंबिंगच्या अॅप्रेंटिसशिपला निघालेल्या मुलीचं नाव घेतलं, चार वर्षं एकही दिवस गैरहजर नसलेल्याचं घेतलं. मी शाळेत असताना आमच्या बॅचची आठवण म्हणजे फळ्यावर खडूने लिहिलेली पाच नावं, आणि त्यात मी नव्हते, हे मला त्या खुर्चीत बसून पस्तिशी उलटल्यावर आठवलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आजी-आजोबांची तिकिटं. शाळेच्या कॅलेंडरवर ग्रॅज्युएशनची तारीख छापलेली असते ती खरी धरू नका. न्यू जर्सीत शाळा १८० दिवस भरायलाच लागते, बर्फाने सुट्टी पडली की तो दिवस शेवटी जोडतात. २०१८ च्या मार्चमध्ये एकामागोमाग एक चार वादळं आली, आणि आमचं ग्रॅज्युएशन सरकत सरकत जूनच्या शेवटाला गेलं. सासू-सासऱ्यांचं परतीचं तिकीट त्याच्या तीन दिवस आधीचं. बदलायला जे पैसे गेले त्यात गाऊन, इयरबुक आणि प्रॉम (बारावीच्या मुलांची नाचाची पार्टी) तिन्ही झालं असतं. परतीची तारीख जुलैत टाका, आणि समारंभाचे पासही मोजके मिळतात ते आधी विचारा, पावसामुळे मैदानाऐवजी आत जिममध्ये घेतलं तर आणखी कमी होतात.

नावाचं कार्ड हा प्रकार मला कोणी सांगितला नव्हता. लेकीचं नाव ज्ञानदा, इंग्रजीत लिहिलं की डी-एन-वाय, त्यामुळे नववीच्या पहिल्या दिवसापासून ती डायनाडा होती, मग कंटाळून नुसती डी. स्टेजवर नाव पुकारायच्या आधी प्रत्येकाकडून एक कार्ड घेतात, उच्चार जसा तसा लिहून द्यायचा. ती म्हणाली आई डी लिहिते, लोकांचा वेळ जातो. मी काही बोलले नाही, सासरे बोलले, म्हणाले अठरा तास विमानात बसून मी डी ऐकायला आलोय का. मग बसून दोघांनी कार्डावर पाच-सहा प्रकारे लिहून पाहिलं, आजोबा मोठ्याने वाचून दाखवत होते आणि ती खोडत होती. रिहर्सलला व्हाइस प्रिन्सिपलनी तिला बाजूला घेऊन तीनदा म्हणून घेतलं.

समारंभ संध्याकाळी फुटबॉलच्या मैदानावर. बँडवर एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराचं ते १९०१ मधलं 'पॉम्प अँड सर्कमस्टन्स' मार्च वाजतं, हळूहळू चालीचं, आणि पोरं दोन-दोनच्या जोडीने आत येतात. टोपीचा गोंडा आधी उजवीकडे असतो, शेवटी सगळे एकदम डावीकडे घेतात. नावं वाचायला तास-सव्वा तास लागतो, आडनाव उशिराचं असेल तर पाण्याची बाटली न्या, बसायला उशीपण न्या, ती अॅल्युमिनियमची बाकं फार टोचतात. तिचं नाव आलं, ग्यानदा असं, पूर्ण, आणि आजोबा आपल्या नाशिकच्या आवाजात ओरडले शाब्बास! पुढच्या रांगेतल्या बाईने वळून पाहिलं आणि तीसुद्धा टाळ्या वाजवायला लागली. हातात जे फोल्डर देतात ते रिकामं असतं बरं का, खरा डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट, नंतर, आणि लायब्ररीचं पुस्तक, लॅपटॉपचा चार्जर, युनिफॉर्म असं काही परत करायचं राहिलं असेल तर तोही अडवतात. डिप्लोमावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच सांगा, आम्ही वडिलांचं नाव गाळलं आणि नंतर कागदपत्रं जुळवताना ताप झाला.

त्या रात्री लगेच घरी आणू नका मुलांना, बऱ्याच शाळांत पालकच रात्रभराचा कार्यक्रम ठेवतात, प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन म्हणतात, दारू नाही, पहाटेपर्यंत खेळ-खाणं, आणि एकदा आत गेलं की मधेच बाहेर पडता येत नाही. ग्रॅज्युएशनच्या रात्री पोरं पिऊन गाड्या चालवायची आणि अपघात व्हायचे म्हणून हे सुरू झालं. मला आधी वाटलं ही काय भानगड, आता मीच धाकट्याच्या वेळी पहाटे तीनला पिझ्झा वाटत होते.

आणि शेवटच्या दोन महिन्यांत मार्क सोडू देऊ नका, अंतिम ट्रान्स्क्रिप्ट कॉलेजला जातं आणि फारच घसरलं तर दिलेला प्रवेश काढूनही घेतात.

घरची पार्टी लोक आपापल्या सोयीने करतात, अंगणात तंबू, समोर मुलाच्या फोटोचा बोर्ड. लेकीच्या वेळी तो बोर्ड कोणाकडे फारसा नव्हता, २०२० ला समारंभच होईनात तेव्हा घरोघरी लागले आणि मग राहिलेच. आम्ही पावभाजी, समोसे आणि एक मोठा शीट केक ठेवला, सकाळी घरातल्या घरात औक्षण. येणारे पाकिटात चेक घालून देतात आणि प्रत्येकाला मुलाने स्वतःच्या हाताने थँक यू कार्ड लिहायचं असतं, हे इथे फार पाळतात. शेजारच्या आजींनी धाकट्याला विचारलंन, तुमच्याकडच्या सगळ्यांनी एक्कावन्न आणि एकशे एक का दिले, हिशोब चुकला का? त्याने काय उत्तर दिलं माहीत नाही, कार्डं मात्र ऑगस्टमध्ये डॉर्मला निघाला तेव्हा अकरा राहिली होती, ती मी पोस्टाच्या पेटीत घातली, स्टॅम्प लावून.